क्लचबाईंचं धडधडीचं वर्ष

क्लचबाईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता फारसं कोणी उरलं नव्हतं. एकतीस वर्षं त्या लोकांना गाडी शिकवत होत्या. शिकणाऱ्याचा पाय नको तिथे गेला की त्या ओरडायच्या, "क्लच, बाई, क्लच!" शिकणारा पुरुष असला तरी बाईच. एकदा एका निवृत्त न्यायाधीशांनाही त्यांनी तसंच झापलं होतं आणि न्यायाधीशांनी निमूटपणे क्लच दाबला होता. तेव्हा जे नाव पडलं ते पडलंच.

त्यांची गाडी छोटी, पांढरी आणि चारी कोपऱ्यांत पोचे आलेली. शेजारच्या सीटपुढे बाईंसाठी वेगळा क्लच आणि वेगळा ब्रेक. त्या दोन पेडलांच्या जोरावर बाईंनी आजवर असंख्य जीव वाचवले होते, त्यांत दोन कुत्री, एक फळांची गाडी आणि एका पोलिसाची नवीकोरी सायकल. बाई कधी आजारी पडल्या नाहीत. आजारपण हा रिकामटेकड्या लोकांचा उद्योग आहे असं त्यांचं स्पष्ट मत होतं आणि ते त्या आजारी माणसाला भेटायला गेल्यावरच सांगायच्या.

त्यांच्या एकोणसाठाव्या वर्षी एका सकाळी हे मत अडचणीत आलं. चढावर गाडी थांबवून पुन्हा कशी काढायची ते त्या एका शाळेच्या शिक्षिकेला शिकवत होत्या. गाडी दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा मागे घसरली, बाईंनी ब्रेक दाबला, आणि त्याच क्षणी छातीत पिशवीत जिवंत मासा सोडावा तसं काहीतरी फडफडलं. थांबलं. पुन्हा फडफडलं. बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या.

"गाडी मिसिंग करतेय," त्या म्हणाल्या.

शिक्षिकेला उतरवून त्या थेट मेकॅनिककडे गेल्या. त्याने बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं, कान लावला, प्लग काढून पाहिले.

"बाई, इंजिन अगदी व्यवस्थित आहे."

बाईंनी बॉनेटच्या कडेवर हात टेकवलेला होता. "मग हे थरथरतंय ते काय?"

मेकॅनिकने त्यांच्या हाताकडे पाहिलं, इंजिन बंद केलं, पुन्हा हाताकडे पाहिलं आणि घाबरत म्हणाला, "बाई, तुम्ही."

बाईंचे यजमान हवामान खात्यातून निवृत्त झाले होते. पस्तीस वर्षं त्यांनी पाऊस, वारा आणि तापमान वहीत उतरवलं होतं. निवृत्त झाल्यावर खात्याने घड्याळ दिलं, पण वही काढून घेतली नाही, म्हणून ते अजून गॅलरीत पर्जन्यमापक ठेवून रोजची नोंद करत. बायकोचा चेहरा पाहून त्यांनी काही न विचारता तिचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे पाहत राहिले.

"पहिल्या मिनिटाला एकशे बारा," ते म्हणाले. "दुसऱ्याला एकशे सेहेचाळीस. तिसऱ्या मिनिटाला मला मोजताच आले नाहीत, दोन ठोके एकदम आले आणि मग एक आलाच नाही. वातावरण फार अस्थिर आहे."

"वातावरण नाही हो. मी आहे मी."

"तेच म्हणतोय. चप्पल घाल, दवाखान्यात जाऊ."

हृदयाच्या डॉक्टर वयाने बाईंच्या धाकट्या विद्यार्थिनींएवढ्या होत्या, त्यामुळे बाईंना पहिल्यापासूनच त्यांना दोन गोष्टी शिकवाव्याशा वाटत होत्या. डॉक्टरांनी छातीवर तारा चिकटवून कागदाची पट्टी काढली आणि टेबलावर पसरली.

"याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांनी नीट ठोका द्यायचं सोडून नुसती थरथर लावली आहे. खालच्या कप्प्यांना कुठला इशारा खरा ते कळत नाही, म्हणून ते जमेल तसे पळतात."

"शिकाऊ आहेत म्हणा की," बाई म्हणाल्या.

डॉक्टर हसल्या, पण पुढचं त्यांनी हसत सांगितलं नाही. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून राहतं. साचलं की त्याची गुठळी होऊ शकते, आणि गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात. म्हणून गोळ्या दोन. एक ठोक्यांचा वेग आवरायला, दुसरी रक्त गोठू नये म्हणून.

"किती दिवस?"

"बहुतेक कायम."

"कायम? मी माणसाला वीस दिवसांत गाडी शिकवून मोकळी करते."

"कामाचा ताण असतो का तुम्हाला?"

"मला कसला ताण? ताण शेजारच्याला असतो."

डॉक्टरांनी आठवडाभर काम बंद ठेवायला सांगितलं आणि शेवटी विचारलं, "आणखी काही घेता का? झाडपाल्याचं, ताकदीचं, कुणी सुचवलेलं?"

"छे," बाई म्हणाल्या. त्या तारखेला ते अगदी खरं होतं.

दुसऱ्याच दिवशी वन्सं आल्या. वन्सं म्हणजे बाईंची धाकटी नणंद. त्यांचं बायकांचे कपडे शिवायचं दुकान होतं. कंबरेभोवती टेप गुंडाळलेला असताना बाई हलू शकत नाही, आणि हलता येत नसलं की माणूस बोलतो. त्यामुळे गावातल्या प्रत्येक दुखण्यावरचा प्रत्येक उपाय वन्संच्या दुकानात मापासोबत जमा होत असे. त्या येताना एक फुगलेली कापडी पिशवी घेऊन आल्या आणि एकेक बाटली टेबलावर मांडत गेल्या. लसणाच्या कॅप्सूल. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल. कुठल्याशा पानांचा तपकिरी अर्क, ज्याच्या लेबलावर 'रक्ताभिसरण, स्मरणशक्ती आणि केस' असं तिघांचं काम एकत्र लिहिलेलं होतं. शेवटी लोहचुंबक बसवलेलं एक कडं.

"वहिनी, त्या गोळ्यांचं काय ते तू बघ. पण हे सोडू नकोस. हे नैसर्गिक आहे. नैसर्गिक गोष्टीने कधी कुणाचं वाईट होत नाही."

"वीजही नैसर्गिकच असते," यजमान वहीतून डोकं वर न काढता म्हणाले.

"दादा, तू गप्प बस. तुला काय कळतं यातलं?"

बाई एरवी असल्या गोष्टींना हसल्या असत्या. पण डॉक्टरांचा 'पक्षाघात' हा एक शब्द त्यांच्या मनातून जात नव्हता. त्यांचे वडील ट्रकड्रायव्हर होते. बाईंना गाडी त्यांनीच शिकवली, मांडीवर बसवून. शेवटची चार वर्षं ते खिडकीशी खुर्चीत बसून होते, उजवा हात मांडीवर पडलेला, आणि डाव्या हाताने हवेत गिअर बदलायचे. बाईंनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी कडं हातात घातलं आणि म्हणाल्या, "बघते घेऊन. नुकसान काय आहे?"

शिवाय एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. डॉक्टरांची गोळी घेतली की आपण आजारी ठरतो. लसणाची कॅप्सूल घेतली की आपण हुशार ठरतो. डॉक्टरांच्या गोळ्या त्यांनी एक दिवसही चुकवल्या नाहीत, कारण यजमान त्यांची नोंद ठेवत. फक्त बाकीचंही सगळं त्याच्या जोडीला सुरू झालं.

आठवड्याने काम सुरू झालं तसा उपायांचा महापूर आला. बाई आजारी आहेत म्हटल्यावर शिकणाऱ्यांची भीड चेपली. इतकी वर्षं शेजारच्या सीटवरून फक्त हुकूम यायचे. आता दोन चौकांच्या मधे आपल्यालाही बाईंना काहीतरी सांगता येतं याचा त्यांना कोण आनंद झाला. गाण्याच्या क्लासवाल्या मुलीने सांगितलं, तोंड मिटून गुणगुणा. बाई आठ दिवस गुणगुणल्या आणि गाडीत कुठेतरी बेअरिंग गेलंय म्हणून तीन जणांनी गाडी थांबवली. एका पोहणाऱ्याने सांगितलं, तोंड बर्फाच्या पाण्यात बुडवा. बाईंनी रोज सकाळी घमेल्यात बर्फ टाकून तोंड बुडवायला सुरुवात केली. यजमान शेजारी घड्याळ घेऊन उभे. एका सकाळी तोंड वर काढल्यावर त्यांची नाडी खरोखरच सरळ चालत होती. बाईंनी ओल्या तोंडाने वन्संना फोन केला. नाडी आपणहून सरळ झाली की बर्फाने, हे कुणालाच सांगता आलं नसतं. ही धडधड अशीच आहे, मनाला येईल तेव्हा येते आणि मनाला येईल तेव्हा जाते. यजमानांच्या वहीत त्या दिवशी नोंद झाली, 'सकाळी अस्थिर, आठनंतर निवळले, दुपारी पुन्हा अस्थिर.'

चुंबकाच्या कड्याने मात्र घात केला. एका कॉलेजातल्या पोराला बाई दुसरा गिअर दाखवत होत्या आणि कडं गिअरच्या दांड्याला चिकटलं. पोराने जोरात गिअर ओढला, त्याबरोबर बाईंचा हात गेला, हाताबरोबर बाई गेल्या आणि त्यांचं डोकं पोराच्या खांद्यावर येऊन टेकलं. पोराला वाटलं बाई गेल्याच. त्याने दोन्ही हात वर करून मोठ्याने रडायला सुरुवात केली. बाईंनी तशाच वाकड्या अवस्थेत पायाने ब्रेक दाबला आणि त्याच्या खांद्यावरून म्हणाल्या, "क्लच, बाई, क्लच."

कडं गेलं. बाटल्या राहिल्या. डॅशबोर्डच्या कप्प्यात गाडीचे कागद असत, ते आता मागच्या सीटखाली गेले आणि त्यांच्या जागी बाटल्या आल्या. लसणाचा वास इतका भरला की शिकणारे थंडीतही काचा खाली करून बसू लागले. अंगावर कुठे जरा लागलं की बाईंना काळानिळा डाग पडायचा. दात घासताना ब्रश गुलाबी व्हायचा. बाईंना ते दिसत होतं, पण महिन्याने डॉक्टरांकडे जायचंच आहे, तेव्हा विचारू असं त्या रोज ठरवायच्या.

याच सुमारास त्यांच्याकडे औषधवाले शिकत होते. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाचे मालक, वय बावन्न. आपल्या दुकानात ते राजे होते. काउंटरच्या आतून चष्म्यावरून पाहत ते गिऱ्हाइकाला असे काही प्रश्न विचारायचे की गिऱ्हाईक पुढच्या दोन दिवसांत पथ्य सुरू करायचं. पण गाडीत बसले की त्यांचे तळहात ओले व्हायचे. तीन वेळा परीक्षेत नापास झाले होते. त्यांची बायको झकास गाडी चालवायची आणि गेली दहा वर्षं ते शेजारी बसून तिची पर्स सांभाळत होते. ही पर्स एकदाची मागच्या सीटवर जावी एवढीच त्यांची इच्छा होती.

त्यांना लसणाचा वास पहिल्याच दिवशी आला होता. विचारायची छाती झाली नाही. बाईंना प्रश्न विचारायचा म्हणजे रस्त्यावरून नजर काढायची, आणि रस्त्यावरून नजर काढली तर काय होतं ते त्यांनी ऐकलं होतं.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला औषधवाले गोल चौकाला तिसरी प्रदक्षिणा घालत होते, कारण त्यांना बाहेर पडायला जागा सापडत नव्हती. बाई ओरडत होत्या. ओरडता ओरडता त्यांना शिंक आली, आणि शिंकेबरोबर नाकातून रक्त. आधी एक थेंब. मग धार.

"बाई!" औषधवाले किंचाळले. पण पुढच्याच क्षणी त्यांनी सिग्नल दिला, आरशात पाहिलं, चौकातून गाडी बाहेर काढली आणि रस्त्याच्या कडेला दगडापासून वीतभर अंतरावर सरळ उभी केली. तीन परीक्षांत त्यांना हे एकदाही जमलं नव्हतं.

बाईंनी मान मागे टाकली. आणि औषधवाल्यांचा आवाज अचानक दुकानातला झाला.

"मान मागे नाही. पुढे वाका. नाकाचा मऊ भाग चिमटीत धरा. घट्ट. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही. तोंडाने श्वास घ्या."

बाईंनी मुकाट्याने ऐकलं. दहा मिनिटांनी चिमटी सोडली तर धार जशीच्या तशी. रुमाल संपला, गाडी पुसायचं फडकं संपलं.

"काय काय औषधं घेता तुम्ही?"

बाईंनी नाक धरलेल्या हाताच्या कोपराने डॅशबोर्डचा कप्पा दाखवला. औषधवाल्यांनी तो उघडला आणि बाटल्या धडाधड त्यांच्या मांडीवर पडल्या. त्यांनी चष्मा वर सरकवून एकेक लेबल वाचलं. वाचता वाचता त्यांचा चेहरा बाईंपेक्षा पांढरा पडला.

"लसूण. मासा. आणि हे पान. अहो, हे तिन्ही रक्त गोठायला अडवतात! आणि याच्यावर डॉक्टरांची रक्त पातळ करायची गोळी?"

"हो," बाई म्हणाल्या.

"बाई, तुमच्या अंगात आता रक्त नाही, सरबत आहे. थांबा, रुग्णवाहिका बोलावतो."

"दको," बाई नाक धरूनच म्हणाल्या. "हॉस्पिटल दोद बिदिटांवर आहे. तुब्ही चालवा."

"मी?"

"बग काय बी?"

औषधवाल्यांनी गाडी सुरू केली. रोज बाईंचे पाय पेडलांवर तयार असायचे; आज त्या गुडघ्यांत डोकं घालून बसल्या होत्या आणि पाय सीटखाली ओढलेले. गाडीत आज एकच ब्रेक होता आणि तो औषधवाल्यांच्या पायाखाली होता.

"बागे बघा!" बाई ओरडल्या.

औषधवाल्यांनी डावीकडे पाहिलं. तिथे नगरपालिकेची बाग होती. "कुठे बागेत? कोण आहे?"

"बागेत दाही! बागे! पाठीबागे!"

"पाठी बाग? बाई, पाठी पेट्रोलपंप आहे!"

मागून ट्रकचा भोंगा वाजला तेव्हा औषधवाल्यांना 'मागे' कळलं. त्यांनी आरशात पाहिलं, ट्रकला जाऊ दिलं आणि दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात असे काही गेले की बाईंना कळलंही नाही. हॉस्पिटलच्या आवारात एक रुग्णवाहिका आणि एक भिंत यांच्या मधे एकच जागा होती. औषधवाल्यांनी गाडी उलटी घेऊन एका दमात आत बसवली. बाईंनी रक्ताळलेल्या फडक्याआडून एक डोळा उघडून दोन्ही बाजूंचं अंतर पाहिलं.

"चाकं सरळ करा," त्या म्हणाल्या. "बग उतरा."

अपघात विभागात बाईंच्या नाकात पट्टीचा बोळा घातला गेला. अर्ध्या तासाने रक्त थांबलं. खाली आलेल्या हृदयाच्या डॉक्टरांसमोर औषधवाल्यांनी टेबलावर बाटल्या ओळीने मांडल्या, लेबलं समोर करून, अगदी दुकानात मांडतात तशा. डॉक्टरांनी त्या पाहिल्या, बाईंकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून बसल्या.

"तुमच्या गाडीत ब्रेक किती?"

"दोद."

"आणखी तीन बसवले तर?"

"गाडी जागची हलणार दाही."

"आणि इथे रक्त जागचं थांबणार नाही. मी विचारलं होतं तुम्हाला, आणखी काय घेता म्हणून."

"तेव्हा घेत दव्हते."

"मग सुरू केल्यावर सांगायचं! आज नाकातून आलं म्हणून दिसलं. पोटात आलं असतं तर? डोक्यात?"

तेवढ्यात यजमान आणि त्यांच्या मागोमाग वन्सं धापा टाकत आल्या. वन्संच्या हातात पुन्हा ती कापडी पिशवी होती. टेबलावर ओळीने उभ्या बाटल्या पाहताच त्यांनी ती पाठीमागे लपवली. डॉक्टरांनी त्यांनाही बसवलं आणि पुन्हा सगळं समजावलं. लसूण जेवणात खुशाल खा, बाटलीतून नको. रोज चाला. श्वासाचा वर्ग लावायचा तर जरूर लावा. पण जे काही घ्याल ते आधी मला विचारून, आणि या दोन गोळ्यांना हात लावायचा नाही, कमी नाही की जास्त नाही.

वन्संनी पदर डोळ्यांना लावला. "मला वाटलं, वहिनी लवकर बरी होईल. मला काय माहीत? मी मेली, तिच्या जिवावरच उठले की हो."

इतकी वर्षं वन्संशी बाईंचं फारसं कधी पटलं नव्हतं. आज त्यांनी वन्संचा हात धरला आणि नाकातल्या बोळ्याआडून म्हणाल्या, "वद्सं, रडू दका. केस बात्र दाट झाले बाझे."

वन्सं रडता रडता हसल्या. यजमान बायकोच्या उशाशी बसले. त्यांनी त्या दिवशी वहीत काहीच लिहिलं नाही. ते पान अजून कोरंच आहे.

झालं ते प्रायश्चित्त म्हणून वन्संनी स्वतःच श्वासाच्या वर्गात दोघींची नावं घातली. गालिच्यांच्या दुकानावर एक लांबट खोली होती, तिथे आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी पाच वाजता वर्ग भरायचा. मास्तर उंच, काटकुळे, आवाज लोण्यासारखा. त्यांनी सगळ्यांना चटईवर पाठ टेकून पडायला सांगितलं. "श्वास आत... श्वास बाहेर... विचार येतील, त्यांना जाऊ द्या."

बाईंना विचार आलेच नाहीत. तिसऱ्या श्वासाला त्या झोपल्या आणि पाचव्याला घोरू लागल्या. वन्संनी लाजून त्यांना कोपर मारलं, तर मास्तरांनी खूण करून थांबवलं. ते बाईंच्या शेजारी मांडी घालून बसले आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहू लागले. सगळा वर्ग आपापला श्वास सोडून बाईंचा श्वास ऐकत होता. घोरणं चढत गेलं, चढत गेलं आणि एकाएकी बंद. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. मग एक मोठा आचका आणि पुन्हा सुरुवात.

वर्ग संपल्यावर मास्तर बाईंना म्हणाले, "रागावू नका. इथे येण्याआधी मी बावीस वर्षं पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक होतो. माणूस श्वास घेत नाहीये हे मला लगेच कळतं. तुम्ही झोपेत श्वास थांबवता. एकदा अठरा सेकंद. मी उडी मारायच्या बेतात होतो."

"चटईवर?"

"सवय जात नाही हो. पण हे तुमच्या डॉक्टरांना सांगा. माझ्या वर्गाने हे जाणार नाही."

बाईंनी घरी येऊन यजमानांना विचारलं.

"हो, होतं तसं," ते म्हणाले. "आधी गडगडाट, मग एकदम शांत, मग मोठा कडकडाट. तीसेक वर्षं तरी होतंय."

"तीस वर्षं? आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"शांत असतं तेव्हा मी झोपून घेतो."

या वेळी बाई दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी झोपेची तपासणी करवली आणि निकाल पाहून मान हलवली. झोपेत श्वास असा वरचेवर अडकला की हृदयाला रात्रभर धक्के बसतात, आणि धडधडीला ते आयतंच निमित्त मिळतं. बाईंना एक यंत्र मिळालं. नाकावर मास्क आणि त्यातून हवेचा झोत. मास्कचे पट्टे गालाला काचत होते, तर वन्संनी त्यांना आतून मऊ कापडाचं अस्तर शिवून दिलं आणि उरलेल्या कापडाची यंत्राला झालरही लावली. पहिला आठवडा यजमानांना शांततेमुळे झोप येईना. दुसऱ्या आठवड्यात दोघं सकाळी साडेसातपर्यंत झोपले आणि बाईंचा पहिला विद्यार्थी दारात ताटकळत उभा राहिला.

धडधड गेली नाही. पण आठवड्यातून चारदा यायची ती महिन्यातून एकदा-दोनदा येऊ लागली. आली की बाई गाडी कडेला घ्यायला लावतात आणि मास्तरांनी शिकवलेले लांब श्वास घेतात. त्या दहा मिनिटांत शेजारच्याने गप्प बसायचं असतं. धडधड फार वेळ थांबली नाही, जीव घाबरला, अंगातलं बळ गेलं, तर काय करायचं आणि कुणाला फोन करायचा ते लिहिलेला कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. दुसरं काही तिथे नाही. दोन गोळ्या चालू आहेत आणि चालू राहतील. बाई त्या घेताना अजून तोंड वाकडं करतात.

औषधवाले चौथ्या परीक्षेत पास झाले. त्यांच्या दुकानात आता साधी खोकल्याची गोळी मागितली तरी ते चष्म्यावरून विचारतात, "याच्याशिवाय घरात आणखी काय काय चाललंय?" आणि गिऱ्हाइकाने सगळं सांगितल्याशिवाय गोळी देत नाहीत.

वर्ष सरता सरता डॉक्टरांनी एकदा सहज विचारलं, "तुम्हाला घरी काही झालं तर गाडी कोण चालवेल?" बाईंनी यजमानांकडे पाहिलं. यजमानांनी छताकडे पाहिलं. बायको गाडी शिकवते आणि नवऱ्याला स्टिअरिंग धरता येत नाही, हा घरातला जुना विषय होता. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी बाईंनी त्यांना शिकवायचा प्रयत्न केला होता आणि चौथ्या दिवशी दोघं बोलत नव्हते.

पुढच्या रविवारी सकाळी यजमान चष्मा पुसून स्टिअरिंगवर बसले. बाई शेजारी बसल्या, ओठ घट्ट मिटून. यजमानांनी आधी काच खाली करून वाऱ्याची दिशा पाहिली. मग आकाश पाहिलं. मग गाडी सुरू केली आणि पहिल्याच गिअरमध्ये, पायी चालणाऱ्यांना नमस्कार करत, सगळ्या कॉलनीला एक फेरी मारली. क्लचवर पाय चुकला तो दोनदा. दोन्ही वेळा बाईंनी आपलं पेडल दाबायला पाऊल फक्त उचललं आणि परत खाली ठेवलं. एकदा तोंड उघडलं होतं, तेही मिटलं.

घरासमोर गाडी थांबली. यजमानांनी घामाने भिजलेला हात पुढे करून आधी बायकोचं मनगट धरलं आणि घड्याळ पाहिलं.

"ब्याऐंशी. एकसारखे."

"आणि तुमचे?"

त्यांनी स्वतःचं मनगट धरलं. "वातावरण अस्थिर."

"उतरा आता," बाई म्हणाल्या. "उद्या दुसरा गिअर."